जिताडा कोणाला पोचवायचा

बाईंचा फोन हल्ली शुक्रवारी संध्याकाळी येतो. त्या आता इस्राएलात, धाकट्या बहिणीच्या घरी राहतात. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत त्यांना सगळी कामं उरकायची असतात आणि त्या कामांत मीही एक आहे. "कशी आहेस, काय चाललंय" यात त्या वेळ घालवत नाहीत. परवा मी फोन उचलताच म्हणाल्या, "इथल्या बाजारात एक मासा मिळाला. अंगावरचा चिकटा उत्तम, चवीला पुठ्ठा." आणि मग, "तळं कसं आहे?" तळं ठीक आहे, असं मी सांगितलं आणि त्यांनी फोन ठेवला.

तळ्याकडे मी येणारच आहे, पण आधी बाई.

पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे, एक्स्प्रेसवेच्या घरघरीत आमची एक लहानशी संशोधन संस्था आहे. बाई तिथे जीवरसायन विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नव्याने लागले होते. प्रमुख म्हटलं तरी विभागात बाई, मी आणि एक मास स्पेक्ट्रोमीटर एवढीच माणसं. यंत्राला मी माणसांत धरते, कारण बाई त्याला अहो-जाहो करत. सकाळी आल्या आल्या त्याच्या अंगावर हात ठेवून, "काय हो, झोप झाली का?" असं विचारत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. संचालकांना त्या तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'तो'. अहो म्हणावं असं त्यांना आयुष्यात एकच कुणीतरी भेटलं होतं आणि त्याला तीन फेज वीज लागत होती.

हे यंत्र म्हणजे रेणूंचं वजन करणारा काटा. प्रथिनाचे बारीक तुकडे करायचे, त्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि ते यात सोडायचे. पडद्यावर उभ्या रेघा उमटतात. कुठली रेघ कुठे उमटली त्यावरून तुकड्याचं वजन कळतं आणि वजनावरून तो कोण ते ओळखायचं. बाईंचं सगळं आयुष्य ग्लायकोप्रोटीनमध्ये गेलं होतं, म्हणजे ज्या प्रथिनांना साखर चिकटलेली असते त्यांत. मी पहिल्या दिवशी विचारलं, की साखरेचं एवढं काय? तर म्हणाल्या, "प्रथिन म्हणजे नवरी आणि साखर म्हणजे तिच्या अंगावरचे दागिने. चेहरा कुणीही बघतं. दागिने बघितले की घराणं कळतं." एवढं बोलून त्यांनी माझ्या स्वेटरकडे बोट दाखवलं. "आणि हे बाहेर काढून ये."

बाईंचा पहिला शत्रू लोकर. माणसाच्या कातडीत, केसांत आणि मेंढीच्या लोकरीत केराटिन नावाचं प्रथिन असतं. ते उडतं, नमुन्यात पडतं आणि पडद्यावर भलत्याच रेघा उमटवतं. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत शाल, स्वेटर, मफलर, कोंडा आणि दाढी यांना बंदी होती. एसी दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीच्या दाढीला बाईंनी स्वतःच्या हाताने प्लास्टिकची पिशवी बांधली होती. तो बिचारा पिशवीतून श्वास घेत एसी दुरुस्त करून गेला आणि परत कधी आमच्याकडे आला नाही.

पनवेलच्या एका मंडळाने महिलादिनाला बाईंचा सत्कार ठेवला, तेव्हा मी सोबत गेले होते. पाहुणे शाल उलगडून पुढे आले. बाई एक पाऊल मागे सरल्या. पाहुण्यांना वाटलं संकोच आहे, ते आणखी पुढे आले. बाई आणखी मागे. असं करत करत दोघंही स्टेजच्या कडेला पोचले. तिथे बाईंनी हात आडवा धरला आणि माइक चालू असताना म्हणाल्या, "मेंढी अंगावर नको. नारळ द्या." सभागृहात टाळ्या पडल्या, कारण लोकांना वाटलं ही प्राणिदया आहे. नारळ मात्र बाईंनी घट्ट धरून घरी आणला. कारण त्यांचा मलिद्याचा नवस फेडायचा राहिला होता.

तो नवस यंत्रासाठी होता. बाई पनवेलच्या जुन्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातल्या. त्या घरातले बाकी सगळे केव्हाच तिकडे निघून गेले होते. बाई एरवी कुणाचं काही मानायच्या नाहीत, पण यंत्राचा व्हॅक्यूम पंप बंद पडला की एलियाहू हनाबी या त्यांच्या पैगंबराला मलिदा बोलायच्या. पंप चालू झाला की भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, फळं असं सगळं ताट भरून यायचं. प्रार्थना म्हणून झाली की आम्ही ते प्रयोगशाळेच्या बाहेर, जिन्यात बसून खायचो. मी एकदा चिडवलं, "बाई, तुम्ही शास्त्रज्ञ ना?" त्या खजूर चघळत म्हणाल्या, "पंप दुरुस्त करणारा इंजिनियर तरी येतो म्हणाला की येतोच असं कुठे आहे?"

शनिवारी बाई काम करत नसत. करत नसत म्हणजे बटणसुद्धा दाबत नसत. मी करू का, म्हटलं तर तेही नाही. "मी करायचं नाही ते दुसऱ्याकडून करून घेणं ही कॉपी झाली," असं त्यांचं म्हणणं. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आणि त्यांचं नाक! नाक म्हणजे यंत्राचं, पण ते वापरायच्या बाई. एकदा पडद्यावर रेघांची शिडी उमटली, एकेका पायरीत चव्वेचाळीसचं अंतर. बाईंनी खुर्ची गर्रकन फिरवली. "कुणी क्रीम लावलंय?" मी हात मागे लपवले. थंडीचे दिवस होते, हाताला भेगा पडल्या होत्या, आणि नुसतं झोपताना लावलं होतं हो! "झोपताना लावलेलं," बाई पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "तुझ्या हाताला अजून जाग आहे." त्या हिवाळ्यात मी हातांना काहीही लावलं नाही. माझ्या साखरपुड्याच्या फोटोत माझे हात सुकट विकणाऱ्या बाईचे वाटतात.

आता मासे. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत चिकटा असतो त्यात ग्लायकोप्रोटीन ठासून भरलेलं असतं, आणि बाईंना तोच हवा असायचा. आठवड्यातून एकदा त्या पनवेलच्या मासळीबाजारात जायच्या. हातमोजे, टोपी, बर्फाचा डबा आणि मागून मी, जिच्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने यायचं. बाई पैसे द्यायच्या, माशाच्या अंगावरून कापसाचा बोळा फिरवायच्या, बोळा डब्यात टाकायच्या आणि मासा परत करायच्या. बाजारात यावर एकमत झालं होतं की बाईला लागिर झालंय.

"बाय, म्हावरा घे ना गो," एक कोळीण कळवळून म्हणायची. "पैसं देतंस, न वरचा शेंबूड नेतंस?"

"म्हावरा तू वीक," बाई म्हणायच्या. "शेंबूड माझा."

तिथेच त्यांना उरणकडच्या जासई गावातल्या नानांविषयी कळलं. नाना म्हणजे एकेकाळी मिठागर आणि भातशेती असलेलं घर. जमिनी गेल्या, पैसा आला, पांढरी गाडी आली, गळ्यात जाड साखळी आली. चारी बाजूंना कंटेनरचे डोंगर उभे राहिले. मधे एक खाजणातलं तळं तेवढं उरलं होतं आणि त्या तळ्यात जिताडे, म्हणजे खाडीकडचे मोठे चवदार मासे, होते. आसपासच्या पाण्यातल्या माशांना पावसाळ्यात अंगावर जखमा व्हायच्या. नानांचा जिताडा मात्र तुकतुकीत. बाईंनी त्याचा चिकटा आणला, काट्यावर घातला आणि दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा त्या खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. पडद्यावर एक रेघ होती. एक लहानसं पेप्टाइड, आणि त्याच्या अंगावर असे दागिने, जे बाईंनी इतक्या वर्षांत कुठेच पाहिले नव्हते.

"ही कोणाची गं?" त्या हळूच म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. बहिणीने तिकडे खोली रंगवून ठेवली होती, तिकिटाचं बोलणं चाललं होतं. बाईंनी निबंध लिहून एका परदेशी नियतकालिकाला पाठवला. शेवटी संचालकांचं नाव, कारण संस्थेची तशी रीतच होती. उत्तर एका शुक्रवारी दुपारी आलं: काम रोचक आहे, पण एकाच माशावरचं. त्याच तळ्यातल्या दुसऱ्या माशात हीच रेघ दाखवा, मग छापू. बाईंनी लगेच नानांना फोन लावला, तर नाना म्हणाले, तळं आता बुजवायचं ठरलंय. कंटेनरवाल्यांना जागा दिली. रविवारी डंपर येणार, म्हणून शनिवारी तळं उपसून मासे काढणार. जिताडा एकच उरलाय, पण मोठा आहे.

शनिवारी! बाई जाऊ शकत नव्हत्या आणि मलाही जाऊ देईनात. शेवटी त्यांनी नानांना फोनवर अर्धा तास समजावलं. शनिवारी मासे काढणारच आहात, तर तो ड्रममध्ये जिवंत ठेवा, रविवारी सकाळी ऑफिसला पोचवा. शास्त्राचं काम आहे, फार मोठं काम आहे, या एका माशावर सगळं अडलंय. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकत होते.

"मॅडम, तुमी काय बी टेन्शन नका घेव," नाना म्हणाले. "मना समाजला. आयतवारी सकाली जिताडा पोचला म्हनून समजा. जित्ता!"

रविवारी आम्ही दोघी सकाळपासून तयार. बर्फ, बोळे, हातमोजे, काटा तापवून ठेवलेला. मी स्वतःला बजावत होते की मासा बघून किंचाळायचं नाही. आठ वाजले, नऊ वाजले, नाना फोन उचलेनात. साडेनऊला बाईंचा फोन वाजला. संचालक होते, आवाजात लाडू फुटत होते.

"मॅडम, आज दुपारी आमच्याकडे जेवायला या. जिताडा आलाय! काय सांगू, एवढा!"

तो एवढा केवढा ते फोनवर दिसत नव्हतं, पण बाईंना दिसलं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "रिक्षा."

पनवेल-उरणकडे जिताडा हा नुसता मासा नाही, हे इथे सांगायला हवं. कुठल्या कचेरीत काम अडलं की घरचा जिताडा न्यायचा आणि साहेबाच्या घरी पोचवायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लाच म्हणाल तर लोक रागावतील. लाच वेगळी, जिताडा वेगळा. तेव्हा "काम फार मोठं आहे, एका जिताड्यावर अडलंय, ऑफिसला पोचवा" याचा नानांनी जो अर्थ घेतला, तो त्यांच्या बापाने आणि आज्यानेही घेतला असता. ते थेट संचालकांच्या बंगल्यावर गेले. ड्रम उतरवला, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडमचा काम तेवढा बघा साहेब." संचालकांनी काम कसलं ते विचारलं नाही. विचारायची रीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा फोडणीचा वास फाटकापर्यंत आला होता. बाई चपला न काढता स्वयंपाकघरात घुसल्या. संचालकांच्या पत्नी तव्यावर तुकड्या परतत होत्या.

"डोकं?" बाईंनी विचारलं.

"कालवणात," त्या घाबरून म्हणाल्या.

"खवले? कल्ले?"

"कोळणीला बोलावून साफ करून घेतला हो. सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात..." आणि त्याच क्षणी बाहेरून घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. ते लांब लांब जात होतं. नोकराने डबा नुकताच रिकामा केला होता.

बाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या, कॉटनची साडी नेसलेल्या, गुडघे दुखरे. त्या पळाल्या. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे झारा हातात घेतलेले संचालक, कारण त्यांना वाटलं कुणाचं तरी काही चोरीला गेलंय. नवीन पनवेलच्या त्या शांत कॉलनीत रविवारी सकाळी लोक गॅलरीत चहा पीत होते. त्यांनी पाहिलं की एक बाई घंटागाडीपुढे हात पसरून उभी आहे आणि ओरडते आहे, "तो कचरा माझा आहे! उतरवा!"

गाडीवाल्याने जन्मात असा हक्क सांगणारी पाहिली नसेल. त्याने गाणं बंद केलं. बाईंनी हातमोजे चढवले आणि आत उतरल्या. कांद्याची सालं, पालकाचे देठ, चहाचा चोथा यांच्यामधून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. उघडलं तर चमकणारे रुपयाएवढे खवले, आणि त्यांवर अजून चिकटा होता. बाईंनी ते छातीशी धरलं. संचालक धापा टाकत म्हणाले, "मॅडम, तुकड्या ठेवल्यात ना तुमच्यासाठी!"

त्याच दुपारी आम्ही खवल्यांवरचा चिकटा काट्यावर घातला. पडदा भरून गेला. बाई एकेक रेघ वाचत गेल्या. "हे चहातलं दूध. हे केराटिन, त्याच्या बायकोचे केस गळतायत, तिला सांगायला हवं. आणि हे काय? अंड्यातलं पांढरं. या माणसाने सकाळी ऑम्लेट खाल्लं आणि टरफलं वर टाकली." त्या सगळ्या गर्दीत, जिथे असायला हवी तिथे, ती रेघ होती.

मी उडीच मारली. बाई हलल्या नाहीत.

"अंड्यातल्या प्रथिनालाही साखर असते," त्या म्हणाल्या. "त्यातलाच एखादा तुकडा याच्या जवळपास येतो. ही रेघ जिताड्याची की ऑम्लेटची?"

"बाई, तुम्हाला दिसतंय ना की जिताड्याची आहे?"

"मला वाटतंय. वाटणं काट्यावर ठेवता येत नाही."

संचालकांनी दोन दिवस त्यांना पटवलं. ताजा नमुना मिळाला असं लिहा, कोण बघायला येतंय? बाईंनी निबंधात लिहिलं, की दुसरा नमुना सहलेखकाच्या घरच्या ओल्या कचऱ्यातून मिळवला असून त्यात सहलेखकाचा नाश्ता मिसळला आहे, सबब तो ग्राह्य धरू नये. आणि निबंध मागे घेतला. त्या दिवशी त्या यंत्राशीसुद्धा बोलल्या नाहीत. जिन्यात बसून राहिल्या. मला रडू आलं, तर म्हणाल्या, "आत जाऊन रडू नकोस. अश्रूंतही ग्लायकोप्रोटीन असतं."

नानांना कळलं तसे ते धावत आले. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, आणि चेहरा शाळेतल्या पोरासारखा.

"मॅडम, तुमालाच पायजे होता?"

"मग मी अर्धा तास काय सांगत होते?"

"तुमी बोल्ल्या खऱ्या," नाना मान खाली घालून म्हणाले. "पन मना वाटला, शिकलेली मानसा असाच बोलतान. शास्त्र, काम, अडलाय... मी बोल्लो, बाईमानूस हाय, सरल कशी सांगल?"

बाई खो-खो हसत सुटल्या. नाना आधी घाबरले आणि मग तेही हसले. हसणं थांबल्यावर बाईंनी विचारलं, "तळं गेलं?"

"अर्धा गेला," नाना म्हणाले. "आयतवारपासून डंपर चालू हायेत."

नाना उठले, बाहेर गेले आणि आमच्या पोर्चमध्ये उभं राहून फोनवर कुणाला तरी पंधरा मिनिटं शिव्या घातल्या. परत आले तेव्हा उरलेलं अर्धं तळं वाचलं होतं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं येतात, ती सोडू म्हणाले. मोठा व्हायला दीड-दोन वर्षं.

बाई निवृत्त झाल्या. रिकाम्या खोलीचा फोटो बहीण दर आठवड्याला पाठवत होती. बाईंनी तिला सांगितलं, "एक मासा मोठा व्हायचाय, मग येते." बहिणीला वाटलं, डोकं फिरलं. संस्थेने त्यांना ओळखपत्राशिवाय येऊ द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून त्या माझ्या पाहुण्या म्हणून यायच्या आणि वहीत येण्याचं कारण 'यंत्राची विचारपूस' असं लिहायच्या. महिन्यातून एकदा आम्ही जासईला जायचो. कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत जायचं आणि अर्ध्या तळ्याच्या काठावर उभं राहायचं. पाणी गढूळ असल्यामुळे काहीच दिसायचं नाही. बाई तरी टक लावून बघत बसायच्या, आणि नाना बाजूला खुर्ची टाकून, तळ्यासाठी आलेल्या प्रत्येकाला हाकलून लावायचे. कोणा साहेबाच्या मुलाच्या लग्नासाठी जिताडा मागायला आलेल्या माणसाला त्यांनी, "यो बायचा हाय, तलवार घेऊन आलास तरी नाय," असं सांगितल्याचं मी ऐकलंय.

शेवटी एका मंगळवारी जाळं टाकलं. जिताडा वर आला, रुपेरी, रागावलेला. बाईंनी त्याच्या अंगावरून बोळा फिरवला. नानांनी सवयीने विचारलं, "आता याला कुठं पोचवू?"

"पाण्यात," बाई म्हणाल्या.

ती रेघ आली. एकटी, स्वच्छ, आजूबाजूला दूध नाही, अंडं नाही, कुणाची बायको नाही. बाईंनी यंत्राच्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघितलंत?" मग पिशवीतून पोहे काढून भिजत घातले. ते त्यांनी सकाळीच आणले होते.

निबंध छापून आला. शेवटी संचालकांचं नाव होतंच. "त्याने नमुन्याची चव घेतलीय, सहभाग नाकारता येत नाही," असं बाई म्हणाल्या. पण संचालकांच्या आधी नानांचं नाव होतं आणि ते संचालकांना झोंबलं. तळ्याच्या काठावर मलिद्याचं ताट फिरत असताना ते म्हणालेच, "मॅडम, नानांचं योगदान काय धरायचं?"

"त्यांनी जिताडा दिला नाही," बाई म्हणाल्या.

नानांनी छापील पानावरचं आपलं नाव बोटाने दोनदा चाचपलं. त्यांच्या हाताला मलिद्यातलं खोबरं लागलं होतं, ते नावावर लागलं. बाई एरवी ओरडल्या असत्या, त्या दिवशी त्यांनी ताट नानांपुढे सरकवलं. नाना पाण्याकडे बघत म्हणाले, "आजपरत आमची सगली कामा जिताडा देऊन झाली, मॅडम. न देता झालेला यो पयलाच काम."